मलूल पेशींना दोन थेंब

"मानवी मेंदूच्या लाखो वर्षांच्या मौनाला आज वाचा फुटत आहे," विभागप्रमुख म्हणाले.

खोलीत त्या वेळी बेसिनखाली आडवा झालेला प्लंबर सोडून कोणी नव्हतं. त्याने डोकं बाहेर न काढताच सांगितलं, "वॉशर गेलाय. वाचा फुटायची तर फुटू दे, पण तोवर नळ कोणी सोडू नका."

विभागप्रमुखांना सगळे सर म्हणत. सरांना राग आला नाही. ते शुक्रवारच्या व्याख्यानाची तालीम करत होते, आणि तालमीत श्रोत्यांची लायकी बघायची नसते. त्यांनी पुढचं पान उलटलं आणि मेंदूची वाचा पुन्हा एकदा, या वेळी उजवा हात वर करून, फोडली.

सरांचा विषय होता पेशींच्या पृष्ठभागावर राहणारे एन्झाइम आणि चेतासंस्थेतलं त्यांचं काम. विषय मुळात फार देखणा आहे, त्यात सरांचा काही दोष नाही. एटीपी नावाचा एक रेणू असतो. पेशीच्या आत तो इंधन. हे शाळेत सगळ्यांना शिकवतात आणि सगळे वेळेवर विसरतात. पण पेशी दुखावली, किंवा चेतापेशी फारच जोरात कामाला लागली, की हा एटीपी बाहेर सांडतो आणि बाहेर त्याची किंमत बदलते. आत जे इंधन, ती बाहेर बोंब. शेजारच्या पेशी ती ऐकतात, खवळतात आणि आपलीही बोंब तीत मिसळतात. हे असंच चालू राहिलं तर डोक्याचा बाजार उठायचा. म्हणून पेशीच्या अंगावर, पाय भिंतीत रोवून आणि तोंड बाहेर काढून, काही एन्झाइम उभे असतात. एटीपीला फॉस्फेटची तीन मणक्यांची शेपटी असते. पहिला एन्झाइम त्यातले दोन मणके छाटतो, दुसरा उरलेला एक. मग जे बोडकं उरतं त्याचं नाव ॲडेनोसिन, आणि ते शेजाऱ्यांना सांगतं, काही झालेलं नाही, पडून राहा. बोंब मारणारा आणि अंगाई गाणारा एकच. मधे फक्त न्हावी बसलेला. आपण कॉफी पितो तेव्हा जी तरतरी येते ती काही कॉफीची हुशारी नव्हे. कॉफी अंगाई ऐकणाऱ्या कानांत बोळे घालते, एवढंच.

सरांच्या विभागाचा दावा असा होता, की एका विशिष्ट औषधाने चेतापेशींवरचे हे न्हावी दुप्पट वेगाने काम करतात. म्हणजे ज्यांना आकडी येते त्यांच्या मेंदूतली बोंब दुप्पट लवकर शांत करता येईल. दुप्पट. पावणेदोनपट नाही, सव्वादोनपट नाही. प्रयोग आठ वेळा झाला आणि आठही वेळा दुप्पट. निसर्ग इतका शिस्तीचा असता तर आपल्या सगळ्यांच्या भुवया सारख्या असत्या. पण इतका गुळगुळीत आकडा बघून विभागात कोणाला खटकलं नाही. उलट पेढीवर नवी कोरी नोट यावी तसा तो सगळ्यांनी उजेडात धरून बघितला आणि खिशात घातला.

हे काम हाताने करणारी होती भिंगी. तिला विभागात भिंगी म्हणत, कारण ती प्रत्येक गोष्ट नाकाला लावून बघायची, कँटीनचा चमचासुद्धा. चार वर्षं तिने हे प्रयोग केले होते, म्हणून लेखावर सात नावांत तिचं नाव पहिलं होतं आणि सरांचं शेवटचं. या व्यवसायात पहिलं नाव हमालाचं आणि शेवटचं मालकाचं. मधल्यांनी दोघांकडे बघून हसायचं. मासिकाने लेख स्वीकारला होता. फक्त छापण्याआधी सातही लेखकांनी 'यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे' अशा फॉर्मवर सही करायची होती. सहा सह्या झाल्या होत्या. त्यांतल्या चार करणाऱ्यांनी लेख वाचला नव्हता, त्यामुळे त्यांना तो विनाअट मान्य होता. सातवी सही भिंगीची. मुदत शुक्रवारी दुपारी बारा, आणि त्याच दिवशी चार वाजता सरांचं व्याख्यान. शिवाय तिची नेमणूक पुढच्या महिन्यात संपत होती, आणि ती वाढवायची की नाही हे सरांच्या पेनात होतं.

सही सोमवारीच झाली असती. पण सोमवारी पेशी कमी पडल्या.

त्यासाठी या प्रयोगशाळेची एक रीत सांगायला हवी. पुस्तकात लिहिलंय, की मोजणीआधी पेशी तीनदा धुवाव्या आणि साध्या खारट पाण्यात ठेवाव्या. पण धुतलेल्या चेतापेशी हिरमुसतात, तळ सोडतात, तरंगायला लागतात. म्हणून पूर्वी इथे एक थोरल्या बाई होत्या, त्या मोजणीच्या वेळी प्लेटवरच्या प्रत्येक खळग्यात, म्हणजे पेशींच्या घरात, सीरमचा एक थेंब टाकायच्या. सीरम म्हणजे वासराच्या रक्तावरचा पिवळसर द्रव. पेशी वाढवायच्या तर हाच त्यांचा खुराक. "उपाशीपोटी कोणाला कामाला लावू नये," असं थोरल्या बाई म्हणायच्या. त्या गेल्या, थेंब राहिला. कुठल्याही वहीत तो लिहिलेला नव्हता. तो हातातून हातात आला होता. औषध दिलेल्या पेशी जरा जास्तच मलूल दिसायच्या, म्हणून त्यांना दोन थेंब. लेख लिहिताना मात्र 'पेशी तीनदा धुतल्या' एवढंच छापायचं. माया करणं ही काही छापायची गोष्ट नव्हे.

दुसरी रीत सरांची. मोजणीच्या प्लेटवर शहाण्णव बारीक घरं असतात. त्यातली काही मुद्दाम रिकामी, म्हणजे बिनपेशींची ठेवून त्यांतही सगळं रसायन घालून बघायचं असतं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. सर पहिल्या वर्षात नव्हते. "रिकाम्या घरात रसायन कशाला ओतायचं? तिथे कोण राहतं?" असं ते विचारत, आणि हा प्रश्न इतका बिनतोड वाटायचा की त्याला उत्तर असू शकेल हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

तर सोमवारी पेशी कमी पडल्या. चौऱ्याऐंशी घरं भरली, बारा रिकामी राहिली. भिंगी एका कानाला फोन लावून सासूबाईंशी बोलत होती. येताना काय आणायचं याची यादी चालू होती आणि सासूबाईंची यादी संपायची तर हाताला काहीतरी काम लागतं. हात सवयीने शेवटपर्यंत चालत गेला. रिकाम्या बारापैकी सहा घरांत एक थेंब, सहांत दोन. मग एटीपी. मग तो रंग, जो फॉस्फेट सुटला की हिरवा होतो. जितकी छाटाछाट जास्त तितका गडद.

वीस मिनिटांनी तिने प्लेट उचलली आणि नाकाला लावली. चौऱ्याऐंशी घरं नेहमीसारखी हिरवी होती. बारा रिकामी घरंही हिरवी होती. सहा फिकी, सहा बरोबर दुप्पट गडद.

शेजारच्या टेबलावर दुसरे लेखक बसले होते. नावांच्या यादीत ते दुसरे होते आणि आयुष्यात इतरत्रही, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणत.

"रिकाम्या घरांचा फोटो कसला काढतेस गं?" ते म्हणाले.

"बघ ना."

"हिरवी आहेत."

"त्यात पेशी नाहीत."

दुसऱ्या लेखकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा न घालताच टेबलावर ठेवला. "मग बघू नकोस," ते म्हणाले.

"अरे, सीरममध्ये तेच एन्झाइम सुटे तरंगत असतात. छाटाछाट ते करतायत. पेशींनी थोडीफार केली असेलही, पण ती यात दिसणारसुद्धा नाही. औषधाने काही दुप्पट झालेलं नाही. थेंब दुप्पट झालेत. चार वर्षं आपण चेतासंस्थेचा अभ्यास केला म्हणून सांगतोय. आपण वासराचा केला."

"वासरालाही चेतासंस्था असते," दुसरे लेखक म्हणाले आणि जेवायला गेले.

सीरममध्ये असे एन्झाइम असतात हे भिंगीला आधी माहीत नव्हतं असं नाही. एका परीक्षेत तिने ते लिहून पूर्ण गुण मिळवले होते. पण परीक्षेतलं ज्ञान परीक्षेच्या हॉलमध्ये सोडून यायची सवय विद्वानांना लवकर लागते, आणि ही तर सुवर्णपदकवाली. तिने प्रयोग मंगळवारी पुन्हा केला, या वेळी फोन बंद ठेवून. पेशी एकही नाही, नुसते थेंब. हिरवं आणि दुप्पट हिरवं. मग ती सरांकडे गेली.

सरांकडे जाणं म्हणजे आधी स्वीयकडे जाणं. स्वीय सहायक असं त्याचं पूर्ण पद. सगळे नुसतंच स्वीय म्हणत. त्याचं टेबल सरांच्या दाराला इतकं आडवं लावलेलं होतं, की आत जायचं तर पोट आत ओढून, त्याच्या खुर्चीला आणि त्याच्या मर्जीला वळसा घालावा लागे. वाईट माणूस नव्हता. कधी खोटं बोलल्याचं कोणाला आठवत नाही. तो फक्त काढून टाकायचा.

"सरांना भेटायचंय," भिंगी म्हणाली.

"तालीम चाललीय, मॅडम. निरोप द्या, मी पोचवतो."

"सांगा, की निकाल चुकलाय. पेशी नसल्या तरी रंग येतोय."

स्वीयने मान हलवली. "'चुकलाय' नको, मॅडम. सकाळची वेळ आहे, त्यांचा घसा बसतो."

"बरं, मग म्हणा, पेशी नसल्या तरी रंग येतोय."

"म्हणजे थोडक्यात, रंग येतोय."

"थोडक्यात नाही हो."

पण तो आत गेला होता. दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे तिला ऐकू आलं. "सर, भिंगी मॅडम म्हणतात, रंग येतोय." आणि सरांचा आवाज, "येणारच."

स्वीय बाहेर आला तो हसतच. "खूश झाले," तो म्हणाला.

बुधवारी तिने शहाणपणा केला आणि लेखी दिलं. लेखी दिलेलं कापता येत नाही असा तिचा समज होता. ज्याने कधी कार्यालयात काम केलेलं नाही त्याचाच हा समज असू शकतो. पत्रात तीन वाक्यं होती. 'सर, आपला निकाल टिकत नाही. चार वर्षांच्या कामाकडे आता नव्याने पाहावं लागेल. शुक्रवारचं व्याख्यान थांबवावं ही विनंती.'

स्वीयने ते तिच्यासमोरच वाचलं, चव घेत. "पहिलं वाक्य कडक आहे," तो म्हणाला. "सर पहिल्या वाक्यावरून माणूस ओळखतात. आणि शेवटी विनंती आलीय. विनंत्यांचा वार गुरुवार."

"मग?"

"मधलं छान आहे. मधलं नेतो."

अर्ध्या तासाने तो सरांचा निरोप घेऊन प्रयोगशाळेत आला. वाक्य सरांना अतिशय आवडलं होतं. त्यांनी ते भाषणात घेतलं होतं, थोडं वाढवून. 'जगाला आता मेंदूकडे नव्याने पाहावं लागेल.' शिवाय पहिल्या रांगेत भिंगीसाठी एक खुर्ची राखून ठेवायला सांगितलं होतं.

भिंगी त्याच्याकडे बघत राहिली. बोंब आत पाठवावी आणि अंगाई बाहेर यावी, हे ती चार वर्षं काचेखाली शोधत होती. इतका कार्यक्षम नमुना पगारावर बसलेला असताना वासराला त्रास द्यायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लोकांचे फोन जोडून देता देता त्यांचं माणसांबद्दल जे मत झालं होतं ते निवृत्तीनंतरही सुधारलं नव्हतं. नवरा चष्म्याच्या दुकानात होता. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून घरी आला की त्याला कोणाचंच काही वाचायची इच्छा नसे. भिंगीने दोघांना सगळं सांगितलं.

"सही नाही केलीस तर?" नवऱ्याने विचारलं.

"नेमणूक जाईल."

"आणि केलीस तर?"

"माझं नाव पहिलं आहे. कोणीतरी कुठेतरी हाच प्रयोग करून बघणार, आणि त्याने एक घर रिकामं ठेवलं की खेळ खलास. मग मी जन्मभर ती थेंबवाली."

"नोकरी गेली तर दुसरी शोधता येईल," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं नाव घ्यायचं म्हणजे किती फॉर्म भरावे लागतात माहितीय का तुला? बँक, गॅस, सगळं बदलायचं. आणि तू आत जाऊन का नाही सांगत?"

"दारात तो असतो, आई."

"जेवायला जात असेल ना?"

"डबा दारातच खातो."

"असे आमच्याकडे पण होते. एक सुपरवायझर होता, सगळ्यांच्या तक्रारी स्वतः ऐकायचा. साहेब निवृत्त होताना म्हणाला, माझ्या काळात एकही तक्रार आली नाही." सासूबाईंनी एक किडका दाणा बाजूला काढला. "मला सांग, तुमच्या त्या बाटलीतल्या एन्झाइमला गप्प करायचं असेल तर काय करता?"

"खोटा घास देतो. दिसायला एटीपीसारखा, पण छाटता न येणारा. तो त्यालाच चघळत बसतो, आणि खरा एटीपी बाजूने सुखरूप निघून जातो."

"मग इतकं शिकून माझ्याशी काय बोलत बसलीस," सासूबाई म्हणाल्या. "घास दे त्याला."

नवऱ्याने एवढंच विचारलं, की छाटता न येणारं असं कार्यालयात काय असतं. याचं उत्तर शोधायला भिंगीला गुरुवारचा अख्खा दिवस लागला. कागद म्हटला की स्वीय कापणार. तक्रार कापणार, अर्ज कापणार, अहवालाचा तर तो भुगाच करणार. पण एक मजकूर असा असतो, ज्यातलं एक अक्षर काढायची हिंमत जगातल्या कुठल्याही स्वीय सहायकाला होत नाही. मोठ्या माणसांची नावं.

शुक्रवारी साडेदहाला तिने स्वीयच्या टेबलावर चौदा पानं ठेवली. 'व्याख्यानास उपस्थित राहणाऱ्या मान्यवरांची आसनव्यवस्था.' एकशे चाळीस मान्यवर. प्रत्येकाच्या नावामागे पदव्या, नावापुढे पदं, माजी असेल तर माजी, प्रभारी असेल तर प्रभारी. नावं निमंत्रणांच्या यादीतलीच होती, तिने फक्त पदव्या पूर्ण लिहिल्या होत्या.

"पहिल्या रांगेत खुर्च्या बावीस आहेत," ती म्हणाली. "पहिल्या रांगेवर हक्क असणारे एकसष्ट निघालेत."

स्वीयने पहिलं पान वाचलं. त्याच्या कपाळावर घाम आला. "हे माजी अधिष्ठाता आणि हे प्रभारी अधिष्ठाता, यात आधी कोण?"

"तेच मला कळेना. म्हणून तुमच्याकडे आणलं."

"प्रभारी आज आहेत," स्वीय पुटपुटला. "पण माजी उद्याही माजीच असणार." त्याने लाल पेन उचललं, पहिल्या नावावर धरलं, खाली ठेवलं. दुसऱ्यावर धरलं. त्याचे ओठ हलायला लागले. एकही पदवी गळून पडत नव्हती. भिंगीने झाकण लावलेली सोमवारची प्लेट बगलेत धरली, पोट आत ओढलं, खुर्चीला वळसा घातला आणि आत गेली. त्याने वर बघितलंसुद्धा नाही.

सर खिडकीशी उभे राहून काचेतल्या स्वतःला 'जगाला आता' म्हणत होते. तिला बघून त्यांनी हात खाली घेतला.

"या. तुमचं वाक्य घेतलंय मी."

"सर, ते मधलं होतं," ती म्हणाली. "त्याच्या आधी एक होतं आणि नंतर एक. आधीचं असं, की निकाल टिकत नाही." आणि मग त्यांनी थांबवायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं: रिकामी बारा घरं, सीरम, सुटे एन्झाइम, एक थेंब, दोन थेंब.

सर ऐकत होते. त्यांना कापून न दिलेलं ऐकायची सवय राहिली नव्हती. मधेच ते दाराकडे बघत, कोणी येऊन याचं थोडक्यात करेल का म्हणून.

"आठही वेळा दुप्पट आलंय," ते शेवटी म्हणाले.

"आठही वेळा दोन थेंब घातलेत, सर."

"ही थेंबांची भानगड आणली कोणी?"

"रीत आहे. थोरल्या बाईंपासून."

"त्यांना कोणी शिकवली?"

"तुम्ही, असं त्या सांगायच्या."

सर खुर्चीत बसले. भाषणाची बत्तीस पानं त्यांनी उगाचच सारखी केली. "मी एक म्हटलं होतं," ते म्हणाले. "मला पक्कं आठवतंय. मी एकच थेंब म्हटलं होतं."

"हो. दुसरा माझा आहे."

सरांनी वर बघितलं.

"पहिल्याच महिन्यात," भिंगी म्हणाली. "औषध दिलेल्या पेशी फार मलूल दिसायच्या. मला वाटलं, बिचाऱ्यांना जरा जास्त. मग तीच सवय झाली. मी ते कुठे लिहिलं नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही."

चार वर्षांचा शोध, सात लेखक, एक सभागृह, आणि मुळाशी काय, तर एका मुलीला पेशींची दया आली. विज्ञानाचं इतकं नुकसान दुष्ट माणसांच्या हातून होत नाही. त्यांना तेवढा धीर नसतो.

"हे बघा," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात व्याख्यानातला मऊपणा आला, "सही करून टाका. पुढच्या लेखात आपण दुरुस्ती करू. 'अधिक अभ्यासाची गरज आहे' असं म्हणू. ते कधीच चुकीचं नसतं."

"आकडी येणाऱ्या माणसाच्या घरचे हे वाचतील, सर. ते पुढच्या लेखापर्यंत थांबतील का?"

"ते मासिक वाचत नाहीत."

"त्यांचे डॉक्टर वाचतात."

भिंगीने फॉर्म टेबलावर ठेवला. सहा सह्या होत्या. सर्वांत वरची ओळ कोरी.

"मी यावर सही करणार नाही," ती म्हणाली. "माझी नेमणूक तुम्ही नाही वाढवली तरी चालेल. चालणार नाही, पण चालवेन."

सरांनी हात पुढे केला. तिला वाटलं, फॉर्मसाठी. पण त्यांना प्लेट हवी होती, तिच्या बगलेतली. ती घेऊन ते खिडकीशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि प्लेट उजेडात तिरकी धरली. हे करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षांत त्यांनी प्लेट हातात धरलेली विभागाने पाहिली नव्हती. त्यांनी रिकामी घरं बोटाने मोजली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही वेळा बाराच भरली.

"बरोबर दुप्पट आहे," ते म्हणाले. आवाजात थोडं कौतुक होतं; हात कोणाचा चांगला हे ओळखायला ते अजून विसरले नव्हते.

बाहेरून स्वीयचा आवाज आला, "सर, माजी कुलगुरू आधी की सध्याचे उपकुलगुरू?" सरांनी भाषणाची बत्तीस पानं उचलली, खण उघडला, आत ठेवली आणि खण बंद केला. तो नीट बसेना, म्हणून गुडघ्याने ढकलला.

"संपादकांना मी लिहितो," ते म्हणाले. "लेख मागे घेतोय म्हणून. मीच टाइप करीन, बाहेर देणार नाही."

"थँक यू, सर."

"तुमच्या नेमणुकीचं सोमवारी बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. मलाही कोणाला तरी विचारावं लागतं, आणि त्यांच्याही दारात एक जण बसलेला असतो."

भिंगी जायला वळली.

"अहो, एक मिनिट," सर म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे. सभागृहाच्या दारावर लावायला एक कागद लिहून द्या. 'आजचं व्याख्यान रद्द', एवढंच. कारण नको. आणि जरा मोठं लिहा. मागे एकदा मी रद्द केलेल्या व्याख्यानाला साठ माणसं येऊन बसली होती, आणि शेवटी दोघांनी प्रश्नही विचारले." मग त्यांनी टेबलावरची टाचण्या-चिकटपट्टीची वाटी चाचपून बघितली. "आणि येताना तुमच्याकडची चिकटपट्टी घेऊन या. आमची संपलीय."